प्रीती सहन करते, पण कोणाची?

चर्चमधल्या लग्नाला गेलात तर एक उतारा हमखास कानावर पडतो. पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय. मराठी बायबलमध्ये तिथे शब्द आहे 'प्रीती'. आपल्याला प्रीती म्हटलं की सिनेमातलं गाणं आठवतं! पण मूळ ग्रीक शब्द 'अगापे'. ही नुसती मनात दाटून येणारी भावना नाही, दुसऱ्याच्या भल्यासाठी रोज करायचं काम आहे. सहन करणं, हेवा न करणं, झालेल्या वाइटाचा हिशेब न ठेवणं. (हे शेवटचं फार अवघड. जाऊ बारशाला काय बोलली, ते त्या बाळाच्या लग्नापर्यंत आपल्याला तोंडपाठ असतं.)

'सहन करणं' इथेच घोटाळा होतो. अमरावती-अकोल्याकडे महिला मंडळांतून गाऱ्हाणी ऐकताना नेहमी दिसतं, मार खाऊन आलेल्या बाईलाही कुणीतरी सांगतंच, "बाई, प्रेम असलं तं सहन कराच लागते." ती ख्रिस्ती असली तर वर या अध्यायाचा दाखला! मला हे अजिबात पटत नाही. ते पत्र एकट्या बायकांना लिहिलेलंच नाही. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाला खाऊनपिऊन सुखी लोक आधी जेवून घेत, गरीब उपाशी राहत. त्याच पत्रात, दोनच अध्याय आधी, पौलाने त्यांना चांगलं खडसावलं आहे. म्हणजे ज्याच्या हाती जास्त, त्याने आधी थांबायचं.

आपल्या वाशीमचंच पाहा. १९९८ पर्यंत वाशीम अकोला जिल्ह्यात होतं. डॉ. ऑर्फा स्पायचर ही अमेरिकन मिशनरी बाई १९३६ मध्ये भारतात आली, १९३८ मध्ये तिने वाशीमला रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केलं. डॉक्टरकी शिकलेली बाई, कुठेही सुखात राहिली असती.

पण घरातल्या प्रीतीचं काय? मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका सहप्रवाशाने बायबलचा नवा करार दिला. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही बायकोला अंधारात ठेवून. कडक सोवळ्याच्या घरात वाढलेली लक्ष्मीबाई, पदरात लहान दत्तू. तिच्यावर आकाशच कोसळलं. टिळकांची प्रीती मला त्या बाप्तिस्म्यात दिसत नाही, त्यानंतर दिसते. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर ती नांदायला आली, तेव्हा तिचं सोवळं, तिचं वेगळं पाणी त्यांनी चालू दिलं. तू ख्रिस्ती हो, असा धोशा लावला नाही. नवऱ्याचा शब्द म्हणजे कायदा, अशा त्या काळात!

पुढे तिनेच विचार केला, जाती माणसांनी केल्या, देवाने नाही. मग कुणाच्याही हातचं खायला-प्यायला लागली. १९०० मध्ये तिने स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. दुष्काळातली अनाथ मुलं घरात आणून वाढवली.

१९३४ मध्ये तिच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग निघाला. नवऱ्याचा तापटपणा, घरात होतं-नव्हतं ते दुसऱ्याला देऊन टाकणं, सगळं तिने त्यात मांडलंय. काही म्हणजे काही लपवलेलं नाही. हिशेब मात्र ठेवलेला नाही. वाचताना आपल्याला हसूच येतं.