कुलूप म्हणजे निकाल नव्हे

थकलेले भाडे ही घरमालकाची रास्त तक्रार आहे, हे आम्ही प्रारंभीच मान्य करतो. शिरूर तालुक्यातील केंदूरच्या बाजूच्या एखाद्या शेतकऱ्याने कर्ज काढून चार खोल्या बांधाव्यात, शिक्रापूर-सणसवाडीच्या कारखान्यांत राबणाऱ्या कामगारांस त्या द्याव्यात, आणि हप्त्याच्या दिवशी भाडे हाती पडू नये, तर त्याने काय करावे? शहरातील मालक निदान वकील गाठतो. गावातील मालक वसुलीचे काम पुतण्याकडे वा कारभाऱ्याकडे सोपवितो, आणि कारभाऱ्याची रीत ठरलेली: वीज तोडावी, भांडीकुंडी बाहेर काढावीत, दारास कुलूप ठोकावे.

ही रीत बेकायदा आहे. १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या सहाव्या कलमान्वये, संमतीवाचून व कायद्याचा मार्ग सोडून ज्यास घराबाहेर काढले, त्यास सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो. त्या दाव्यात 'घर माझे आहे' हा मालकाचा बचाव चालत नाही.

महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा जेथे लागू आहे तेथे तर थकबाकीसाठी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि तीनंतर ९० दिवस लोटल्याखेरीज दावाच लावता येत नाही. समन्स मिळाल्यावरही ९० दिवसांत सारी थकबाकी १५ टक्के सरळव्याजासह न्यायालयात भरून व पुढील भाडे नियमित देऊन भाडेकरूस घर राखता येते. पाणी वा वीज तोडणारा मालक याच कायद्यान्वये शिक्षेस पात्र ठरतो. ज्या गावांचे नाव या कायद्याच्या अनुसूचीत नाही तेथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे. नोटिशीची वाट तेथेही चुकत नाही.

ही वाट लांबची आहे, दावे वर्षानुवर्षे रेंगाळतात, हे मालकांचे म्हणणे खोटे नाही. पण त्याचा राग भाडेकरूच्या चुलीवर का निघावा? २०२० च्या टाळेबंदीत केंद्राने २९ मार्च रोजी कामगारांकडून महिन्याचे भाडे मागू नये असा आदेश काढला; १७ एप्रिल रोजी राज्याच्या गृहनिर्माण विभागाने वसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्यास सांगितले. तोवर कित्येक कुटुंबे पायी गावाकडे निघाली होती. त्यांच्या पायपिटीस कारणे अनेक, परंतु खोली सुटण्याची धास्ती त्यांतलेच एक.

आमचा आग्रह साध्या गोष्टींचा आहे. करार लेखी व नोंदलेला असावा, आणि दरमहा पावती द्यावी. (पावती मागणारा भाडेकरू आजही उर्मट समजला जातो, ही आमच्या सभ्यतेची तऱ्हा!) पहिला महिना थकताच कारभाऱ्याने भाडेकरूची अडचण विचारावी, काम सुटले असेल तर हप्ते बांधून द्यावेत, आणि बुडविण्याचाच हेतू दिसला तर बेलाशक नोटीस धाडावी. आणि कुलूपबंद दारापुढून चौकीवर आलेल्या कुटुंबास 'ही दिवाणी बाब आहे' एवढे ऐकवून परत पाठविणे पोलिसांनी आता थांबवावे.