अंड्याची कोशिंबीर

परवा शनिवारी नात पुण्याहून आली. बाहेर लोणावळ्याचा पाऊस, भुशी धरणाकडे निघालेल्या मोटारींची रांग थेट आमच्या फाटकापर्यंत, आणि सौ. बहिणीकडे नाशिकला गेलेली. घरात सहा अंडी होती. "आजोबा, आपण एग सॅलड करू या?" नातीनं विचारलं. मी म्हटलं, "म्हणजे अंड्याची कोशिंबीर." हे नाव तिला मुळीच पसंत पडलं नाही.

बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला अंडं उकडणं हेदेखील हिशेबाचं काम वाटतं. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच. त्यामुळे इथे पाणी १०० नव्हे, साधारण ९८ अंशांनाच उकळतं आणि अंड्याला मुंबईपेक्षा जरा जास्त वेळ लागतो. मी अंडी उकळत्या पाण्यात डावानं अलगद सोडतो, अकरा मिनिटं ठेवतो आणि लगेच गार पाण्यात टाकतो. कवच नीट सुटतं. फार ताजं अंडं मात्र सोलताना पांढऱ्याचे लचके निघतात. चार-सहा दिवसांचं बरं. जास्त उकडलं की बलकाभोवती हिरवट काळी कडा येते. तेवढ्यावरून अंडं नासलं असं समजू नये. पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह यांची ती गाठ पडलेली असते.

नातीला मेयोनीज हवं होतं. कच्चा बलक, तेल आणि काहीतरी आंबट घोटून ते होतं. पावसाळ्यात कच्च्या अंड्याच्या वाटेला मी जात नाही. त्याऐवजी दही फडक्यात बांधून तासभर टांगलं. कांदा बारीक चिरला, काकडी कोचवून पिळून घेतली, हिरवी मिरची, कोथिंबीर, थोडी मिरपूड. मीठ अगदी खायला बसताना, नाहीतर काकडी पाणी सोडते आणि सगळ्याचा रस्सा होतो. अंडी सुरीनं न कापता हातानं मोडली. अर्ध्यात नातीसाठी चक्का घातला. उरलेल्या अर्ध्यात मी शेंगतेलाची धार सोडली. "हे कशाला?" ती म्हणाली.

त्याची गोष्ट अशी. १९८४ साली मी मावळातल्या एका शाखेत नवा अधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. शेळ्या, म्हशी, कोंबड्यांसाठी कर्ज द्यायचं; लहान शेतकऱ्याला किमतीच्या चौथ्या हिश्शाचं अनुदान, शेतमजुराला तिसऱ्या हिश्शाचं. दोनच वर्षांपूर्वी, १९८२ मध्ये, बी. व्ही. राव यांच्या पुढाकारानं राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली होती. व्यापारी सांगेल तो भाव घेण्याऐवजी उत्पादकांनीच आपला भाव जाहीर करायचा, अशी कल्पना. मोठ्या पोल्ट्रीवाल्यांचं त्यानं भलं झालं. कामशेतच्या बाजाराला टोपलीतून अंडी नेणाऱ्या बाईला मात्र गिऱ्हाईक देईल तोच भाव.

पवना मावळातल्या एका वाडीवर अशाच पंचवीस कोंबड्यांचं कर्ज पाहायला मी गेलो. कोंबड्या मोजल्या, वहीत टिपल्या. बाईंनी पितळीत उकडलेलं अंडं मोडून आणलं. कांदा, मिरची, मीठ आणि वरून शेंगतेल. "घ्या सायेब." मी म्हटलं, "मी अंडं खात नाही."

हे खोटं होतं. आमच्या घरी अंडं स्वयंपाकघरात येत नसे हे खरं. आईचा तसा दंडक होता. (हा वाद अजून मिटलेला नाही. शाळांच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं राज्य सरकारनं २०२३च्या नोव्हेंबरात ठरवलं आणि २०२५च्या जानेवारीत त्याचे पैसे देणं थांबवलं.) पण कामासाठी मुंबईला जाताना डेक्कन क्वीनच्या जेवणाच्या डब्यात मी न चुकता ऑम्लेट मागवत असे. त्या ओसरीवर मला नेमकं काय आडवं आलं, ते मला तेव्हाही ठाऊक होतं. बाईंनाही कळलं. "आमच्या हातचं चालत न्हाई व्हय?" त्या हसून म्हणाल्या. मी घड्याळाकडे पाहिलं, लोकल चुकेल म्हणालो. निघताना त्यांनी डब्यात भाताचा कोंडा घालून चार अंडी दिली, "बाईसायबांना." माझं लग्नही झालेलं नव्हतं. अंडी मी शाखेतल्या शिपायाला देऊन टाकली.

पुढच्या वर्षी मानमोडी आली. लस न टोचलेल्या कोंबड्या त्या रोगात बघता बघता माना टाकतात. हप्ते थांबले आणि वसुलीला मीच गेलो. खुराड्यात सरपण रचलेलं होतं. बाईंनी कोरा चहा पुढे केला. "अंडं न्हाई आज," एवढंच म्हणाल्या. मी चहा घेतला, आणखी मागून घेतला. परत येऊन हप्ते लांबवून द्यावेत अशी शिफारस लिहिली. ती मंजूर झाली. कोंबड्या मात्र बाईंनी पुन्हा घेतल्या नाहीत.

नातीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि दोन्ही बशांतलं चाखून पाहिलं. तिला चक्क्याचीच आवडली. तेलाची मी संपवली.