गोव्याहून निघालेला गेंडा

1515 सालच्या जानेवारीत मसाल्याच्या मालाने भरलेली पोर्तुगीज जहाजे गोव्याहून लिस्बनकडे निघाली, तेव्हा त्यांपैकी ‘नोसा सेन्योरा द आजुदा’ या जहाजावर असा एक प्राणी चढविण्यात आला होता, की ज्याच्या जातीचे पाऊल रोमन साम्राज्याच्या ऱ्हासानंतर हजारांहून अधिक वर्षे युरोपच्या भूमीवर पडलेले नव्हते. तो प्राणी म्हणजे हिंदुस्थानातील एकशिंगी गेंडा. पुढे अवघ्या एका वर्षात त्याचे आयुष्य संपले. परंतु तेवढ्या अवधीत दोन राजांनी त्याला पाहिले, जर्मनीतील एका थोर चित्रकाराने त्याला न पाहताच अमर केले, आणि लिस्बनच्या एका बुरुजावर त्याचे मस्तक दगडात कोरले गेले.

हा गेंडा गोव्यास आला कसा, हे समजण्यासाठी त्या काळच्या राजकारणाकडे वळले पाहिजे. 1510 मध्ये विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा हस्तगत केल्यानंतर अफोन्सो द अल्बुकर्क याची दृष्टी गुजरातच्या किनाऱ्यावरील दीव या बंदराकडे लागली होती. कारण तांबड्या समुद्राशी चालणाऱ्या व्यापाराची नाडी ज्याच्या हाती राहावयाची, त्याला दीव हाती असणे अगत्याचे होते. तेथे किल्ला बांधण्याचा परवाना मागण्यासाठी त्याने 1514 मध्ये गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशहा याच्या दरबारी नजराण्यासह वकील पाठविले. सुलतानाने वकिलांचा सन्मान केला, नजराण्याची परतफेड तोलामोलाच्या भेटींनी केली, आणि परवाना मात्र दिला नाही. त्या भेटींत हा गेंडा होता. एवढे अवाढव्य जनावर गोव्यात बाळगून करावयाचे काय, या विचाराने म्हणा अथवा आपल्या धन्याची मर्जी संपादन करावी या हेतूने म्हणा, अल्बुकर्कने तो खुद्द राजा मानुएल याच्याकडे रवाना केला. जी गोष्ट वकिलांना मिळाली नाही ती पोर्तुगीजांनी वीस वर्षांनी, 1535 मध्ये, मुझफ्फरशहाचा पुत्र बहादूरशहा अडचणीत सापडला असता मिळविली, आणि दीवचा तो किल्ला आजही समुद्रात पाय रोवून उभा आहे.

जहाज आफ्रिकेला वळसा घालून गेले. मोझांबिक, सेंट हेलेना आणि अझोर्स बेटे एवढेच काय ते मुक्काम. बाकी सुमारे चार महिन्यांचा सारा काळ त्या जनावराने हलत्या फळ्यांवर, गवत आणि शिजवलेला भात खाऊन काढला. ज्याला रोज डुंबावयास चिखल आणि पाणी लागते, त्याच्या त्वचेची या खाऱ्या वाऱ्यात काय अवस्था झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. तरीही 20 मे 1515 रोजी तो लिस्बनला जिवंत उतरला, आणि या गोष्टीचे श्रेय माझ्या मते एकाच माणसाकडे जाते. त्याच्या दिमतीला दिलेल्या त्या हिंदी रखवालदाराचे नाव पोर्तुगीज लेखकांनी ‘ओसेम’ असे नोंदविले आहे. राजे, सुलतान आणि पोप यांच्या या कथेत त्या प्राण्याची भूक आणि तहान ज्याला ठाऊक होती असा हाच एक मनुष्य दिसतो, आणि इतिहासाने त्याला जेमतेम एका शब्दाची जागा दिली आहे.

लिस्बनमध्ये विद्वानांना प्राचीन रोमन ग्रंथकार प्लिनी याच्या वचनाची आठवण झाली. गेंडा हा हत्तीचा जन्मजात वैरी असून तो आपले शिंग दगडावर घासून त्याचे पोट फाडतो, असे प्लिनी लिहून गेला होता. त्याची प्रचीती पाहण्यासाठी 3 जून रोजी राजाने आपल्या पदरच्या एका तरुण हत्तीसमोर गेंड्याला उभे केले. जमलेल्या गर्दीच्या गलक्याने असो वा समोरच्या अपरिचित प्राण्याच्या दर्शनाने असो, हत्ती बुजून पळत सुटला, आणि प्लिनीचे वचन सिद्ध झाले असे सर्वांनी मानले. वस्तुतः सिद्ध काहीच झाले नव्हते. आसामच्या गवताळ रानात हे दोन्ही प्राणी आजही शेजारी शेजारी चरतात.

वर्षअखेरीस मानुएलने हा गेंडा पोप दहावा लिओ याला अर्पण करण्याचे ठरविले. आदल्याच वर्षी त्याने पाठविलेल्या हन्नो नावाच्या पांढऱ्या हत्तीवर पोपचे अतोनात प्रेम जडले होते. हिरव्या मखमलीचा पट्टा गळ्यात घालून गेंड्याला जहाजावर चढविण्यात आले. वाटेत मार्सेय शहरानजीकच्या इफ बेटावर फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस त्याला मुद्दाम पाहावयास आला. त्या बेटावरचा प्रसिद्ध किल्ला पुढे याच राजाच्या हुकुमाने उभा राहिला. तेथून निघालेले जहाज 1516 च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्यालगत, पोर्तोव्हेनेरेजवळ, वादळात सापडून बुडाले. गेंडा हा उत्तम पोहणारा प्राणी आहे. ब्रह्मपुत्रेचे फुगलेले पाणी तो तरून जातो. परंतु तो साखळदंडांनी फळ्यांना जखडलेला होता, म्हणून बुडाला.

याच सुमारास त्याचे दुसरे, अधिक दीर्घ आयुष्य सुरू झालेले होते. लिस्बनहून आलेले एक वर्णनपर पत्र आणि सोबतचे एक ओबडधोबड रेखाटन नुरेंबर्ग येथे अल्ब्रेख्त ड्यूरर याच्या हाती पडले, आणि तेवढ्या आधारावर त्याने 1515 मध्येच लाकडी ठशावरून छापलेले आपले विख्यात चित्र निर्माण केले. त्या चित्रातील गेंड्याच्या अंगावर त्वचेच्या वळ्यांऐवजी खिळ्यांनी जोडलेल्या चिलखताचे पत्रे आहेत, पायांवर खवले आहेत, आणि खांद्यावर दुसरे एक पिळदार शिंग आहे, जे निसर्गाने कोणत्याही गेंड्याला दिलेले नाही. माथ्यावरील मजकुरात आगमनाचे सालसुद्धा 1513 असे चुकीचे पडले. त्याच वर्षी हान्स बुर्गकमायर या दुसऱ्या चित्रकाराने काढलेले चित्र पुष्कळच यथार्थ होते. त्यात पुढच्या पायांना बांधलेला दोरही दिसतो. पण बुर्गकमायरच्या चित्राची आज एकच प्रत उरली आहे, आणि ड्यूररचे चित्र मात्र आवृत्तीमागून आवृत्ती छापले गेले, गेस्नरच्या प्राणिशास्त्राच्या महाग्रंथात शिरले, आणि दोन शतकांहून अधिक काळ सुशिक्षित युरोपियनाच्या मनातला गेंडा हाच राहिला. 1741 मध्ये बंगालहून रॉटरडॅमला आणलेली क्लारा नावाची गेंडीण सतरा वर्षे गावोगावी फिरविण्यात आली, उद्री या फ्रेंच चित्रकाराने 1749 मध्ये तिला समोर पाहून चितारले, तेव्हा कोठे ते खांद्यावरचे शिंग हळूहळू गळून पडले. ड्यूररला यासाठी दोष द्यावा असे मला वाटत नाही. त्या चित्रातील जनावराच्या झुकलेल्या मस्तकात जो भारदस्तपणा आणि जो एकाकीपणा उतरला आहे, तो यथार्थ चित्रांतही क्वचित आढळतो.

गेंडा लिस्बनला उतरला तेव्हा तेजो नदीच्या मुखापाशी बेलें येथील बुरुजाचे काम चालू होते. 1514 च्या सुमारास आरंभ झालेल्या या वास्तूचा शिल्पी फ्रान्सिस्को द अरुदा याने मोरोक्कोतील तटबंद्यांवर काम केलेले होते. 1983 पासून हा बुरूज जागतिक वारशात गणला जातो. तेथे जाणारे असंख्य प्रवासी गच्चीवरून नदीचा देखावा पाहून परततात. आपल्यापैकी कोणाला तेथे जाण्याचा योग आला, तर त्याने वायव्येकडील टेहळणी-मनोऱ्याच्या तळाशी अवश्य दृष्टी टाकावी. तेथे पाचशे वर्षांच्या वारा-पावसाने झिजलेले, शिंग पुसट झालेले एक पाषाणमुख आहे, आणि पश्चिम युरोपच्या शिल्पकलेतील गेंड्याची ती सर्वांत जुनी प्रतिमा मानली जाते.