जटायूच्या गावापासून स्पितुकपर्यंत

वायुदलातल्या प्रत्येक विमानाची एक वही असते. तिला फॉर्म 700 म्हणतात. सांगाडा, इंजिन, विद्युत यंत्रणा, शस्त्रे असा ज्याचा त्याचा विभाग तपासून झाला की तो तो तंत्रज्ञ तिच्यात सही करतो. सगळ्यात शेवटी वैमानिक सही करतो आणि मगच विमान त्याच्या ताब्यात जाते. उड्डाणात काही बिघडले तर पहिल्यांदा हीच वही उघडली जाते, म्हणून सही करणारा हात जपून चालतो. लेह, थोईस, न्योमा अशा लडाखमधल्या तळांवर तो हात थंडीने बधिर झालेला असतो, एवढाच काय तो फरक. पण तो लहान नाही.

मराठवाड्यातल्या तरुणाला या तळांपर्यंत पोचवणारी वाट ठरलेली आहे. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदविका, निवड झाली की बेळगावजवळच्या सांबऱ्याला प्राथमिक प्रशिक्षण, नंतर विमानाच्या कामाचे शिक्षण आणि मग नेमणूक. पूर्वी पहिला करार वीस वर्षांचा असे आणि त्या काळात माणूस कॉर्पोरल, सार्जंट अशा पायऱ्या चढे. 2022 पासून अग्निवीर वायू म्हणून भरती होते ती चार वर्षांची, आणि त्यांतले जास्तीत जास्त एक चतुर्थांश पुढे कायम होतात. इंजिनाचा आवाज कानात बसायलाच काही वर्षे जातात, हे लक्षात घेतले तर चार वर्षे थोडी वाटतात.

याच मराठवाड्यात, धाराशिवच्या उत्तरेला बालाघाटच्या रांगेत वसलेल्या येडशीला उड्डाणाची एक जुनी कथा चिकटलेली आहे. गावाजवळच्या घळीत रामलिंगाचे देऊळ आहे. सीतेला पळवून नेणाऱ्या रावणाला जटायूने इथेच अडवले, पंख छाटले गेल्यावर तो इथेच पडला आणि त्याच्या तोंडात पाणी घालण्यासाठी रामाने बाण मारून झरा काढला, असे परिसरात सांगतात. जटायू पडल्याचा मान देशातली आणखीही काही ठिकाणे सांगतात, ते सोडा. श्रावणात इथे गर्दी लोटते, पावसाळ्यात धबधबा कोसळतो आणि माकडे भाविकांच्या हातचा नारळ पळवतात. भोवतालचे जंगल 1997 मध्ये येडशी रामलिंग घाट अभयारण्य म्हणून जाहीर झाले. उत्तरेला येरमाळ्याची येडेश्वरी, दक्षिणेला तुळजापूरची भवानी. या पट्ट्यातल्या घरातून कोणी नोकरीला निघाला की ट्रंकेत कपड्यांच्या घडीखाली देवीचा फोटो आणि कुंकवाची पुडी जाते. लडाखला जाणाराही ती नेतोच.

लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून 10,682 फुटांवर आहे. तिथे हवेची घनता समुद्रकाठच्या सुमारे 72 टक्के भरते आणि उन्हाळ्याच्या दुपारी आणखी घटते. हवा विरळ म्हणजे पंखांना उचल कमी, इंजिनाला दम कमी, धाव लांब. डोंगर असे उभे आहेत की विमाने साधारणपणे एका बाजूने उतरतात आणि उलट दिशेने उडतात. दुपारी वारा सुटतो, म्हणून बहुतेक उड्डाणे सकाळी उरकली जातात. साहजिकच तंत्रज्ञाचा दिवस उजाडण्याआधीच सुरू होतो, आणि जानेवारीत त्या वेळी पारा अनेकदा शून्याखाली पंधरा अंशांच्याही खाली गेलेला असतो.

ही धावपट्टी मुळात सिंधूकाठची वाळू होती. सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने ती तयार करवली आणि 24 मे 1948 रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी मेजर जनरल थिमय्यांना शेजारी बसवून तिच्यावर डकोटा उतरवले. पुढची उडी लडाखच्या उत्तर टोकावरच्या दौलत बेग ओल्डीची. 16,614 फुटांवरच्या या पट्टीवर 23 जुलै 1962 रोजी स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी पॅकेट जातीचे विमान उतरवले. पॅकेटला ही उंची झेपावी म्हणून त्याच्या पाठीवर एक जादा जेट इंजिन बसवले गेले. मधली अनेक वर्षे ओस पडलेल्या या पट्टीवर 31 मे 2008 रोजी एएन-32 उतरले आणि 20 ऑगस्ट 2013 रोजी सी-130जे हे बरेच मोठे विमान.

थंडीत विमानाचे जे होते ते मोटारसायकलवाल्यालाही थोडेफार कळेल. तेल घट्ट होते, बॅटरी मलूल पडते, म्हणून ती रात्री काढून उबेत ठेवावी लागते. रबराची सीले आखडून हायड्रॉलिकचे तेल पाझरू लागते. मैदानातल्या तीस अंशांत हवा भरलेले चाक उणे पंधरा अंशांत आपला साधारण सातवा हिस्सा दाब गमावते. सगळ्यात छळते ती लॉकिंग वायर. हादऱ्यांनी बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून त्यांच्या डोक्यातल्या भोकांतून बारीक तार ओवून ती पीळ देऊन ताणून बसवतात. जाड हातमोज्यात ती धरता येत नाही. हातमोजा काढला तर बोटे लोखंडाला चिकटतात. मग पातळ मोजे घालून दोन-चार मिनिटे काम, पुन्हा हात काखेत, पुन्हा काम. त्यात विरळ हवेने डोके जड होते आणि माणूस साध्या गोष्टी विसरतो. म्हणूनच उंचीवर आलेल्याला पहिले सहा दिवस शरीर रुळवण्यासाठी दिले जातात. काम सुरू झाल्यावरही तपासणीची यादी पाठ असली तरी वाचूनच करायची आणि विमानाच्या नियंत्रणाला हात लागला असेल तर ते दुसऱ्याकडून पुन्हा तपासून घ्यायचे, हा नियम इथे कोणालाही जाचक वाटत नाही.

सियाचिनवर हाच हिशेब किलोंवर येतो. लेहच्या 114 हेलिकॉप्टर युनिटचे एक हेलिकॉप्टर 1978 मध्येच हिमनदीवर उतरले होते. एप्रिल 1984 च्या ऑपरेशन मेघदूतमध्ये सैन्याने हिमनदी ताब्यात घेतल्यावर तिथली जा-ये रोजची झाली. मुख्य भार चीता या लहान हेलिकॉप्टरवर पडला. याच घडणीच्या मूळ फ्रेंच ‘लामा’ने 1972 मध्ये 12,442 मीटर उंची गाठून विक्रम केला होता. तरीही सर्वांत उंच चौक्यांवर एका फेरीत जेमतेम वीस-पंचवीस किलो, म्हणजे रॉकेलचा एखादा डबा पोचतो. त्यासाठी नको ते सगळे यंत्रातून काढून ठेवायचे. वर उतरल्यावर इंजिन बंद करायचे नाही, कारण ते पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही. जानेवारी 2018 मध्ये लष्कराचे एक ध्रुव हेलिकॉप्टर बिघाड होऊन खांडा चौकीजवळ, सुमारे 18,000 फुटांवर, बर्फात अडकले. तंत्रज्ञांनी सुटे भाग वर नेऊन तिथेच ते दुरुस्त केले आणि जुलैमध्ये ते उडवून खाली आणले गेले.

इतका हिशेब सांभाळूनही डोंगर कधी काय करील ते सांगता येत नाही. 7 फेब्रुवारी 1968 रोजी चंदीगडहून लेहला निघालेले वायुदलाचे एएन-12 खराब हवेमुळे परत फिरले आणि रोहतांगच्या परिसरात नाहीसे झाले. त्यात 102 जण होते. पहिले अवशेष 2003 मध्ये सापडले आणि 2024 मध्ये आणखी चार मृतदेह हाती लागले. त्यांतला एक क्राफ्ट्समन, म्हणजे सैन्यातला कारागीरच होता.

या मुलखात श्रद्धा यंत्राच्या शेजारीच नांदते. सियाचिनच्या तळावर ओपी बाबाचे मंदिर आहे. एकट्याने चौकी लढवून नाहीसा झालेला ओमप्रकाश नावाचा जवान अजून राखण करतो, असा समज आहे. वर जाणारी तुकडी आधी त्याच्यापुढे ‘रिपोर्ट’ देते आणि परतल्यावर पुन्हा हजेरी लावते. देवालाही लष्करी रिवाज लागू करण्याची ही रीत खास फौजी आहे.

लेहच्या धावपट्टीलगतच्या टेकडीवर स्पितुकचा गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, उभा आहे. त्याच्या वरच्या अंगाला एक देवालय आहे, त्याला जवान काली मातेचे मंदिर म्हणतात. आतली मूर्ती बौद्ध परंपरेतल्या उग्र देवतेची आहे, कालीची नव्हे, असे गोंपाचे लामा सांगतात. तिचे तोंड वर्षभर कापडाने झाकलेले असते आणि हिवाळ्यातल्या गुस्तोर उत्सवातच ते उघडतात. तुळजापूरच्या देवीची वर्षातून तीनदा निद्रा पाहत वाढलेल्या माणसाला झाकलेल्या देवीचे नवल वाटत नाही. नारळ वाढवायचा, कपाळाला कुंकू लावायचे, मनातल्या मनात ‘आई राजा उदो उदो’ म्हणायचे. खाली धावपट्टीवर विमान दिसतच असते. लामांचे म्हणणे खरे आहे, पण नमस्कार करणाऱ्याचे त्यावाचून अडत नाही.

उत्तरेकडच्या कार्यशाळांत हत्यारांची पूजा 17 सप्टेंबरला, विश्वकर्म्याच्या नावाने होते. मराठी माणसाची खंडेनवमी त्यानंतर येते, अनेकदा 8 ऑक्टोबरच्या वायुसेना दिनाच्या आसपास. घरी कोयता, विळा, पाना, पक्कड मांडून झेंडूची फुले वाहिली जातात. तळावर असे काही मांडायचे तर एक अट पाळावी लागते. हत्यारांच्या पेटीत प्रत्येक पान्याची ठरलेली खाच असते. पूजा उरकली की हळदकुंकू पुसून एकेक हत्यार आपल्या खाचेत परत जाते आणि मोजणी होते. एक जरी कमी भरले, तर ते सापडेपर्यंत विमान जागचे हलत नाही.