शेरीफ व्हायचंय? आधी मतं, मग ट्रेनिंग!
वेस्टर्न सिनेमातला, छातीवर तारा लावलेला शेरीफ आठवतोय? अमेरिकेतल्या बहुतेक काउंटींमध्ये तो आजही मतदानानं निवडला जातो. आपल्या मुंबईच्या नगरपालासारखं हे नुसतं मानाचं पद नाही बरं का! अटक करायचा अधिकार त्याला असतो. पात्रता मात्र राज्यागणिक बदलते. जॉर्जियात वय किमान 25 हवं. पोलिसी प्रमाणपत्र नसेल, तर काही राज्यांत ते निवडून आल्यावरही मिळवता येतं. कॅलिफोर्नियात प्रमाणपत्र किंवा अनुभव आधीच लागतो. नॉर्थ कॅरोलिनात गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना शेरीफपद बंद झालं ते थेट 2010 मध्ये, तेही मतदारांनी कौल दिल्यावर! मतांनी खुर्ची मिळते, कायद्याचं ज्ञान नाही. मत मागायला येणाऱ्याला तुम्ही काय विचारता?