विश्लेषण : लुटुपुटूच्या लढाईतला खरा ‘जीपीएस’

अंगावर लष्करी गणवेश, हातात खोटी बंदूक आणि छातीवर बांधलेला खरा स्मार्टफोन. युरोप-अमेरिकेतील ‘मिलसिम’ खेळांत असे खेळाडू हमखास दिसतात. फोनच्या नकाशावर साथीदार ठिपक्यांच्या रूपात सरकत असतात. हे ठिपके उपग्रह दाखवतो, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे आणि खऱ्या सैन्यासाठी धोक्याचाही.

मिलसिम म्हणजे काय?

‘एअरसॉफ्ट’ बंदुकांचा खेळ १९७०च्या दशकात जपानमध्ये सुरू झाला. या बंदुकीतून ६ मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी सुटते. गोळी लागली, की खेळाडूने स्वतःच कबूल करून बाद व्हायचे. ‘मिलिटरी सिम्युलेशन’ अर्थात मिलसिम हे याच खेळाचे विस्तारित रूप. यात मोहीम रात्रभरही चालते. गस्त, नकाशावाचन आणि बिनतारी संदेश यांना नेमबाजीइतकेच महत्त्व असते.

फोनला जागा कशी कळते?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून आपले स्थान आणि अचूक वेळ सतत प्रसारित करतात. संदेश पोहोचायला किती वेळ लागला, यावरून फोन अंतर काढतो. अक्षांश, रेखांश, उंची आणि फोनच्या घड्याळातली चूक शोधण्यासाठी किमान चार उपग्रह लागतात. यात फोन रेडिओसारखा फक्त ऐकतो. तो कुठे आहे, हे उपग्रहाला कळतच नाही. मे २०००पर्यंत अमेरिका नागरी संदेशांत मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे १०० मीटरपर्यंत फरक पडे. आता मोकळ्या आकाशाखाली तो काही मीटरच असतो; दाट झाडीत वाढतो.

मग साथीदार कसे दिसतात?

प्रत्येक फोन आपले स्थान मोबाइल नेटवर्क किंवा रेडिओवरून इतरांना पाठवतो. यासाठी अनेक खेळाडू ‘अँड्रॉइड टीम अवेअरनेस किट’ हे ॲप वापरतात. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेत तयार झालेल्या या ॲपची नागरी आवृत्ती मोफत मिळते. मात्र संपर्क तुटला, की ठिपका जुन्याच जागी थिजतो. त्यावर विसंबणारा खेळाडू आपल्याच माणसावर गोळी झाडू शकतो. म्हणूनच कागदी नकाशा आणि होकायंत्र अजूनही सोबत ठेवले जाते.

धोका कशात?

ऐकण्याने ठावठिकाणा फुटत नाही, सांगण्याने फुटतो. ‘स्ट्राव्हा’ या व्यायामाच्या ॲपने वापरकर्त्यांच्या धावण्याच्या मार्गांचा जागतिक नकाशा प्रसिद्ध केला होता. त्यात सीरिया, अफगाणिस्तानसारख्या देशांतील लष्करी तळांचे आराखडे उजळून दिसत असल्याचे जानेवारी २०१८मध्ये उघड झाले. दोष उपग्रहांचा नव्हता. सैनिकांनी वापरलेल्या ॲपनेच त्यांचे मार्ग पुढे पाठवले होते.

खेळात अशी चूक झाली, तर खेळाडू बाद होऊन पुढच्या फेरीत परततो. रणांगणावर पुढची फेरी नसते. सामान्य फोनधारकासाठीही धडा तोच : जीपीएस सुरू असण्यापेक्षा, आपले ‘लोकेशन’ कोणत्या ॲपला पाहू दिले आहे, हे तपासणे जास्त महत्त्वाचे.