कुलूप न मोडता होणारी चोरी

कपाटातली बांगडी चोरीला गेली की डबी रिकामी दिसते. संगणकातली फाईल मात्र चोरी झाली तरी जागच्या जागीच असते, म्हणून महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. संरक्षण खात्याच्या सॉफ्टवेअरची चोरी अशीच होते. हा विषय गटाच्या बैठकीत काढला तेव्हा दोघीतिघी म्हणाल्या, "ताई, आपला काय संबंध?"

संबंध जवळचा आहे. दिघीला डीआरडीओची संस्था आहे, देहूरोडला ऑर्डनन्स फॅक्टरी. शिवाय आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुलं भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये सीएनसी मशिनवर आहेत. लोखंड कुठे किती कापायचं हे मशिनला सांगणारा प्रोग्रॅम, तेही सॉफ्टवेअरच.

दिघीच्या त्याच संस्थेचे संचालक राहिलेले प्रदीप कुरुलकर यांना मे २०२३ मध्ये दहशतवादविरोधी पथकाने अटक केली. झारा दासगुप्ता या नावाने व्हॉट्सॲपवर बोलणाऱ्या पाकिस्तानी हेराला त्यांनी गोपनीय माहिती दिली, असा आरोप आहे. खरंखोटं न्यायालय ठरवेल.

नागपूरचं प्रकरण आम्हाला जास्त शिकवून गेलं. ब्रह्मोसच्या एका तरुण अभियंत्याला ऑक्टोबर २०१८ मध्ये अटक झाली. सेजल कपूर नावाच्या खोट्या खात्यावरून परदेशातल्या नोकरीचं आमिष आलं, सोबत काही ॲपच्या लिंक. असं ॲप एकदा लॅपटॉपवर बसलं की आतल्या फाईल गुपचूप बाहेर पाठवू शकतं. खालच्या न्यायालयाने जन्मठेप दिली. पुढे उच्च न्यायालयाने हेरगिरीच्या आरोपातून त्याला सोडलं, पण गोपनीय कागद नीट न जपल्याचा दोष कायम ठेवला. म्हणजे मनात पाप नसलं तरी १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्यात हलगर्जीपणा हाही गुन्हा आहे.

म्हणून अशा ठिकाणी महत्त्वाचं काम इंटरनेट नसलेल्या संगणकावर चालतं, पेन ड्राइव्ह लावता येत नाही, आणि ज्याचं काम त्यालाच फाईल उघडते. आपल्या साफसफाईच्या बायकांचे फोन गेटवर ठेवून घेतात तेही त्यामुळेच. पूर्वी आम्हालाही त्यात अपमान वाटायचा! आता वाटत नाही, कारण साहेबांचाही फोन तिथेच राहतो. आणखी एक, लष्करी सॉफ्टवेअर परवान्याशिवाय नुसतं ईमेलने परदेशात पाठवणं हीसुद्धा निर्यातच धरली जाते.

आमच्या गटातल्या एकीच्या मुलाला "तुझ्या कामाचे ड्रॉइंग पाठव, दुबईत नोकरी देतो" असा मेसेज आला होता. पोराने हौसेने दोन फोटो काढूनही ठेवले होते. आईने विचारलं, "हे ड्रॉइंग तुझं की मालकाचं?" तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी त्याने मेसेज सुपरवायझरना दाखवला, फोटो त्यांच्यासमोर पुसले, आणि दोघं मिळून १९३० या सायबर मदत क्रमांकावर बोलले.